दोन हातांची गोधडी



स्नेहसंमेलन म्हटलं की शाळेत भरपूर शिवणकाम होतं. कोळीनृत्याची लुगडी, मावळ्यांचे अंगरखे, नाटकाचा पडदा. उद्या हे सगळं पेटीत जाईल आणि टेबलाखाली चिंध्या उरतील. आजचं बोलणं त्या चिंध्यांबद्दल आहे, आणि दोन मैत्रिणी, दोन मित्र एकत्र बसून त्या जोडतात तेव्हा काय घडतं त्याबद्दल.

आपल्या गावांतून सुगी आटोपली की गोधड्यांचं काम निघतं. एक जुनं सुती लुगडं जमिनीवर ताणून अंथरायचं, ते हलू नये म्हणून कोपऱ्यांवर दगड ठेवायचे. त्यावर विरलेल्या कपड्यांचे थर, आणि सगळ्यात वर चांगल्या कापडाचे तुकडे. लांब कच्चे टाके घालून थर धरून ठेवायचे आणि मग कडेपासून धावदोरा सुरू करायचा. चौकोनात चौकोन करत टाके मध्याकडे सरकत जातात. एवढ्या मोठ्या कापडाला एकटीचे हात पुरत नाहीत, म्हणून शेजारीण येते आणि समोरच्या कडेला बसते. एकीचा टाका लांब, दुसरीचा बारीक. गोधडी पुरी झाल्यावरही कुठली बाजू कुणी शिवली ते जाणत्या बाईला बोट फिरवून सांगता येतं. आज ही तिच्या गोधडीला बसली, की पुढच्या वेळी ती हिच्या अंगणात येणार. शेतातली सावड ती हीच.

गोव्याच्या पूर्वेला, कर्नाटकातल्या हल्याळ आणि यल्लापूरच्या जंगलपट्टीत सिद्दी समाज राहतो. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले. त्यांतल्या अनेकांना पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलं होतं आणि तिथून निसटून ते या रानात आले. घरी कोकणी बोलणाऱ्या या समाजातल्या बायका ‘कवंद’ नावाच्या गोधड्या शिवतात. काम एका कोपऱ्यापासून सुरू होतं, कडेकडेने तुकडे लावत आत येतं आणि मधोमध संपतं. शेवटी कोपऱ्यांवर एकावर एक ठेवलेल्या कापडाची छोटी ‘फुला’ शिवायची. ती लावल्याशिवाय कवंद पुरी झाली असं त्या मानत नाहीत. आधी रेखाटलेला आराखडा नसतो; हाताशी आलेला तुकडा पाहून पुढचा ठरतो.

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात नदीच्या वळणात वसलेलं गीज बेंड नावाचं गाव आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायकांनी शेतात झिजलेल्या विजारी आणि पिठाच्या पिशव्या कापून गोधड्या केल्या. वरचा नक्षीचा भाग प्रत्येकीने आपल्या घरी, आपल्या मनाने जोडायचा, आणि थर एकत्र टाचायला मात्र सगळ्या जमायच्या. 1966 मध्ये त्या भागातल्या बायकांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था उभारली. 2002 मध्ये या गोधड्या ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात भिंतीवर लागल्या, पुढे न्यूयॉर्कला गेल्या, आणि 2006 मध्ये अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर छापल्या गेल्या. पांघरुणासाठी केलेल्या कामाला चित्रांच्या पंक्तीत जागा मिळाली, ती योग्यच होती.

आता एक गोष्ट तुमच्या वयाच्या मुलींची.

फेब्रुवारी 1942 मध्ये सिंगापूर जपानी सैन्याच्या हाती पडलं. तिथल्या युरोपीय नागरिकांना चांगी तुरुंगात डांबण्यात आलं. सुमारे सहाशे कैद्यांसाठी बांधलेल्या त्या तुरुंगात कितीतरी पट माणसं कोंबली गेली. पुरुष एका भागात, बायका-मुलं दुसऱ्यात. त्यांत एलिझाबेथ एनिस नावाची परिचारिका होती. तिने छावणीतल्या मुलींचं गाइड पथक सुरू केलं. साधारण आठ ते सोळा वर्षांच्या सुमारे वीस मुली. शाळा नाही, वह्या नाहीत, पोटभर अन्न नाही. तरीही या मुलींनी ठरवलं की बाईंच्या वाढदिवसाला गोधडी द्यायची, आणि तीही त्यांना कळू न देता. कापडाचे जे तुकडे मिळाले त्यांचे षटकोन कापले, मध्ये एक आणि भोवती सहा असे जोडून फुलं केली आणि त्यांवर आपापली नावं शिवली. ती गोधडी आज लंडनच्या इम्पीरिअल वॉर म्युझियममध्ये आहे.

याच छावणीत एथेल मुलव्हनी या कॅनडाच्या बाईंनी मोठ्या बायकांकडून तीन गोधड्या करून घेतल्या. प्रत्येकीला पांढऱ्या कापडाचा एक लहान चौकोन दिला आणि सांगितलं, यात आपलं काहीतरी घाला आणि नाव लिहा. एकेका गोधडीत 66 चौकोन. या गोधड्या इस्पितळातल्या जखमी सैनिकांसाठी होत्या: एक ब्रिटिश, एक ऑस्ट्रेलियन आणि एक जपानी सैनिकांसाठी. नवरा पलीकडच्या छावणीत जिवंत आहे की नाही हे ज्यांना ठाऊक नव्हतं, त्या बायकांची नावं या चौकोनांवरून पलीकडे पोहोचली. बायकोचं नाव टाक्यांमध्ये वाचणं म्हणजे ती आहे, हात चालताहेत, एवढी बातमी मिळणं. शिवणकामाला बायकांचा फावल्या वेळचा उद्योग म्हणणाऱ्यांनी या चौकोनांपुढे जरा वेळ उभं राहावं.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत मैत्रीच्या गोधड्यांची चाल होती. कुणी मैत्रीण दूर पश्चिमेला निघाली की बाकीच्या एकेक चौकोन शिवून त्यावर न पुसणाऱ्या शाईने सही करत आणि सगळे जोडून तिच्या सामानात देत. दहावीनंतर वेगवेगळ्या गावांना जाणाऱ्या वर्गाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

दोघांनी मिळून असं काम करायचं तर थोडी शिस्त लागते. पुठ्ठ्याचा एकच साचा दोघांनी वापरायचा. सहा इंचांचा चौकोन हवा असेल तर साडेसहा इंच कापायचा, कारण चारी बाजूंनी पाव इंच शिवणीत जातो. ही पाव इंचाची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण प्रत्येक चौकोन अर्ध्या सुताने, म्हणजे इंचाच्या सोळाव्या भागाने चुकला, तरी सोळा चौकोनांच्या ओळीत पुरा इंच वाढतो आणि मित्राची ओळ तुमच्या ओळीला जुळत नाही. नवं सुती कापड आधी धुऊन घ्यायचं. ते आटतं, आणि लालभडक रंग शेजारच्या पांढऱ्यावर उतरतो. दोरा हातभरच घ्यायचा, लांब घेतला की गुंततो. फार ताणून ओढला तर चुण्या पडतात.

आणि सगळ्यात अवघड नियम: जोडीदाराचा वाकडा टाका उसवून आपल्या हाताने नीट करायचा नाही. शिवण सुटत असेल तर त्याला दाखवायची, दुरुस्ती त्यानेच करायची. ज्या जोड्या हे पाळतात त्यांचं काम तडीस जातं. ज्या पाळत नाहीत त्यांत एक जण हळूहळू सुई खाली ठेवतो आणि दुसऱ्याला सगळी गोधडी एकट्याने ओढावी लागते.

मुलांनो, हे फक्त मुलींसाठी आहे असं समजू नका. गावातल्या शिंपीआळीत मशीन चालवणारे बहुतेक हात पुरुषांचेच असतात. सुईत दोरा ओवणं आणि तुटलेलं बटण लावणं प्रत्येकाला यायला हवं.

तेव्हा शिक्षकांना एक विनंती आहे. आजच्या वेशभूषेच्या चिंध्या फेकू नका. एक खोकं ठेवा, त्यात मुलांना आखूड झालेले गणवेशही येऊ द्या, आणि कार्यानुभवाच्या तासाला बाकावर शेजारी बसणाऱ्या दोघांना मिळून सहा इंचांचा एक चौकोन करू द्या. त्यावर दोघांचीही नावं हवीत. साठ मुलांच्या वर्गाचे तीस चौकोन होतात. आडवे पाच आणि उभे सहा लावले की अडीच फूट बाय तीन फुटांचं दुपटं तयार होतं. पहिलं दुपटं गावच्या आरोग्य केंद्रात या वर्षी जन्मणाऱ्या एखाद्या बाळाला द्या.