तीन स्वरांचे फ्रेंच गाणे आणि तीनतालाचे एक आवर्तन

मुलुंड असो, घाटकोपर असो की बोरिवली, ‘कीबोर्ड, हार्मोनियम, तबला’ अशी क्लासची पाटी कुठल्या ना कुठल्या वळणावर दिसतेच. कीबोर्डला बसलेल्या मुलाचे पहिले गाणेही बहुधा ठरलेले: ‘ट्विंकल ट्विंकल’. शब्द इंग्रजी, जेन टेलर यांच्या १८०६ साली छापलेल्या कवितेचे. चाल मात्र फ्रेंच, १७६१ मध्ये छापली गेलेली. मोझार्टने याच चालीवर पियानोसाठी बारा आविष्कार रचले आणि १७८५ मध्ये ते व्हिएन्नात प्रसिद्ध झाले.

चाल गोड खरी, पण पहिल्या धड्याला अवघड. दोनदा सा वाजला की थेट पंचमावर उडी, आणि लगेच धैवत. पाच बोटांखाली पाच पट्ट्या, सहावा स्वर हाताबाहेर. मूल अडखळते ते नेमके इथे, आणि घरी बोलणी खाते ते ‘रियाज करत नाहीस’ म्हणून.

त्यापेक्षा दुसरे फ्रेंच बालगीत आधी घ्यावे: ‘ओ क्लेर द ला लून’. चांदण्या रात्री कुणीतरी मित्र पिएरोच्या दाराशी लेखणी मागायला येतो, मेणबत्ती विझलेली, चूल थंड. गोष्ट एवढीच. लुली या दरबारी संगीतकाराच्या नावावर ते खपवले जाते; त्याला पुरावा नाही.

याचा पहिला चरण सा, रे, ग या तीनच स्वरांत पुरा होतो. अंगठा, तर्जनी, मधले बोट. हात जागचा हलत नाही. शिवाय हा चरण बरोबर सोळा मात्रांचा आहे. पहिल्या चार मात्रांत तीन सा आणि एक रे. पाचव्या मात्रेच्या टाळीवर ग येतो, त्याच्यामागून रे, दोघेही दोन-दोन मात्रांचे. नवव्या मात्रेला, म्हणजे खालीवर, पुन्हा सा; आणि तेराव्या मात्रेच्या टाळीवर चार मात्रांचा सा घेऊन आवर्तन संपते. शेजारच्या खोलीतल्या तबल्याच्या मुलांना बोलावून साधा तीनतालाचा ठेका धरायला सांगावा. खाली म्हणजे काय, हे तिथे समजावून सांगावे लागत नाही.

चार चरणांपैकी पहिला, दुसरा, चौथा एकसारखेच. तिसरा मात्र खट्याळ: चार वेळा रे, मग एकदम मंद्र धैवत, पुन्हा रे, आणि तिथून उतरत मंद्र पंचमापर्यंत. हात सरकवावाच लागतो. हा चरण आधी गाऊन घ्यावा, आठवडाभर नुसता गाऊन घेतला तरी चालेल, आणि मगच पट्ट्यांवर आणावा.

कीबोर्डवर अक्षरांचे स्टिकर चिकटवण्याची पद्धत इथे मोडावी. स्टिकर पाहून वाजवणाऱ्याला ‘आता काळी एकचा सा धर’ म्हटले की तो हरवतो; सरगम गाणारा चाचपडत का होईना, पोहोचतो. सगळे स्वर शुद्ध, म्हणजे भातखंड्यांचा बिलावल थाट. विष्णु नारायण भातखंडे वाळकेश्वरला जन्मले ते १० ऑगस्ट १८६० रोजी. त्याच वर्षी ९ एप्रिलला पॅरिसमध्ये एदुआर-लेओं स्कॉट द मार्तिनव्हिल याने हेच गाणे काजळी धरलेल्या कागदावर उमटवले होते. एडिसनच्या फोनोग्राफला अजून सतरा वर्षे अवकाश होता. स्कॉटला आवाज फक्त डोळ्यांनी पाहायचा होता, ऐकवायचा नव्हता. तो ऐकू आला २००८ मध्ये, अमेरिकी संशोधकांनी त्या रेघा संगणकावर वाचल्या तेव्हा. सर्वांना वाटले, एखादी मुलगी गाते आहे. पुढच्या वर्षी कळले की गती दुप्पट धरली गेली होती. ती निम्म्यावर आणताच पुरुषाचा संथ आवाज निघाला, बहुधा खुद्द स्कॉटचाच.

मुलांना ही दोन्ही ध्वनिमुद्रणे ऐकवावीत. कीबोर्डवरचे टेम्पोचे बटण सारखे चाळवणाऱ्यांना तर जरूर.

पुढचे गाणे ‘फ्रेर जाक’. ते बत्तीस मात्रांचे, म्हणजे दोन आवर्तनांचे. अर्ध्या मुलांनी समेवर सुरू करायचे आणि उरलेल्यांनी आठ मात्रा थांबून पहिल्या ओळीपासून, म्हणजे पहिल्याच आवर्तनाच्या खालीवर. दोन्ही गटांना स्वतःची ओळ सोडायची नाही, आणि समोरच्याची ऐकायचीही आहे.