जुन्या यंत्राचा परकायाप्रवेश

पिनबॉलच्या जुन्या खेळयंत्राचे हल्ली एक नवे रूपांतर करतात. पेटी तीच राहते. आतील खेळफळी आणि पोलादी गोळी जाऊन त्यांच्या जागी पडदा व संगणक येतात. गोळी धावते खरी, पण केवळ चित्रातली.

बंगळूरच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रातही अशीच परकायाप्रवेशाची विद्या चालते; मात्र तेथील यंत्र खेळाचे नसून पोटापाण्याचे असते. जवळच्या जलहळ्ळीत १९५३ साली हिंदुस्थान मशीन टूल्सची स्थापना झाली. तशा पिढीतले लेथ येथे संगणकाच्या हुकमतीखाली आणले जातात. बिडाचा बेड राखतात, कारण बीड कंप शोषून घेते. झिजलेल्या स्लाइड खरवडून पुन्हा सरळ करतात. जुना स्क्रू काढून बॉलस्क्रू बसवतात. त्यातल्या पोलादी गोळ्यांमुळे घर्षण घटते. हातचाकाचे काम सर्व्हो मोटार करते. म्हणजे खेळयंत्रातून गोळी जाते, तर लेथमध्ये ती येते!

जातो तो कारागिराचा हात. यंत्रातला ‘प्ले’ त्याच्या तळहाताला कळत असे. झिजलेल्या बेडवर संगणक बसविला, तर तो चूकच इमानेइतबारे गिरवीत राहतो. म्हणून यंत्र उघडण्यापूर्वी ते वर्षानुवर्षे चालविणाऱ्यास आधी विचारावे, हेच शहाणपणाचे.