तयार कपड्यांचा धंदा आणि पर्यावरणाचा हिशेब

तयार कपड्यांच्या धंद्यात पर्यावरणाचे बहुतेक नुकसान माल दुकानात येण्याआधीच होऊन गेलेले असते. धागा कशाचा, कापूस पिकवला कसा, कापड रंगवले कसे आणि नग किती शिवले, यांवर ते ठरते. म्हणून पर्यावरण जपू पाहणाऱ्या डिझाइन व्यवसायाची खरी परीक्षा कापडाच्या खरेदीत आणि मालाच्या संख्येत होते. कॅलिफोर्नियातील व्हेंचुरा येथील पॅटागोनिया कंपनीचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

कंपनीचे संस्थापक इव्हॉन शुइनार्ड हे गिर्यारोहक. कड्याच्या फटीत ठोकायचे पोलादी खिळे बनवणे हा त्यांचा मूळ उद्योग. या खिळ्यांनी खडकाच्या भेगा फुटू लागल्या, तेव्हा १९७२ च्या सूचिपत्रात त्यांनी आपल्याच खपाच्या मालाऐवजी, न ठोकता फटीत अडकवता येणारे अ‍ॅल्युमिनियमचे तुकडे वापरण्याचा आग्रह धरला. पुढच्या वर्षी पॅटागोनिया सुरू झाली.

कपड्यांच्या बाबतीत जाग आली ती १९८८ मध्ये. बॉस्टनच्या नव्या दुकानातल्या कर्मचाऱ्यांची डोकी दुखू लागली. हवा तपासली, तेव्हा सुती कपड्यांवरच्या प्रक्रियेतले फॉर्मल्डिहाइड त्यात सापडले. नुसती हवा खेळती करून प्रकरण मिटले असते. पण कंपनीने पुढे आपल्या मुख्य धाग्यांचीच तपासणी करवली. नैसर्गिक म्हणून निर्धोक समजला जाणारा कापूस कीटकनाशकांमुळे फार घातक ठरला. १९९४ मध्ये निर्णय झाला आणि १९९६ पासून कंपनीचे सर्व सुती कपडे सेंद्रिय कापसाचे होऊ लागले.

या निर्णयाची किंमत मोठी होती. बाजारात दलालाकडून हवा तेवढा सेंद्रिय कापूस मिळत नव्हता. मोजक्या शेतकऱ्यांकडे थेट जावे लागले. जिनिंगवाल्यांना आणि सूतगिरण्यांना यंत्रे आधी व नंतर साफ करायला राजी करावे लागले, कारण सरमिसळ झाली की सेंद्रिय कापसाला अर्थ उरत नाही. जिनिंगच्या आवारात वेगवेगळ्या शेतांचा कापूस कसा एक होतो, हे विदर्भात वेगळे सांगायला नको. सुती कपड्यांचे प्रकारही कमी करावे लागले. डिझाइनरने शेतापर्यंत जायचे, हा या साऱ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा धडा आहे.

वाढीचा प्रश्न याहून अवघड. भरमसाट वाढीनंतर १९९१ च्या मंदीत कंपनीला १२० माणसांना, म्हणजे पाचव्या हिश्श्याला, कामावरून काढावे लागले. त्यानंतर वाढीला आवर घालण्याचे धोरण आले. २०११ च्या नोव्हेंबरात, अमेरिकेतील वर्षातल्या सर्वांत मोठ्या खरेदीच्या दिवशी, कंपनीने ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये स्वतःचेच जाकीट विकत घेऊ नका अशी जाहिरात दिली. ती नुसती चमकदार कल्पना ठरली असती, पण नेव्हाडातील रिनो येथे कंपनीचे दुरुस्ती केंद्र आहे आणि जुने कपडे परत घेऊन पुन्हा विकण्याची सोयही आहे. उसवलेली शिवण किंवा तुटलेली चेन बदलून कपडा आणखी काही वर्षे वापरला, तर तेवढा नवा कपडा बनवावा लागत नाही. मात्र दुरुस्ती जमावी अशी शिवण आणि बदलता येईल अशी चेन ही आधी कागदावरच योजावी लागते.

सगळे प्रश्न सुटलेले नाहीत. १९९३ मध्ये प्लास्टिकच्या बाटल्यांपासून लोकरीसारखे कापड बनवले, तेव्हा मोठा उपाय सापडला असे वाटले. पण अशी कृत्रिम धाग्याची जाकिटे धुताना सूक्ष्म तंतू पाण्यात जातात, हे कंपनीनेच सांता बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाकडून करवलेल्या अभ्यासात २०१६ मध्ये दिसून आले. आपल्या मालाचा दोष स्वतः पैसे खर्चून शोधणे, हे या धंद्यात फारच दुर्मीळ.

मालक बदलला की अशी धोरणे सहज गुंडाळली जातात. त्यावर २०२२ च्या सप्टेंबरात तोड काढली गेली. मतदानाचा हक्क असलेले २ टक्के समभाग कंपनीचे ध्येय सांभाळणाऱ्या न्यासाकडे गेले आणि उरलेले ९८ टक्के निसर्गरक्षणासाठी काम करणाऱ्या संस्थेकडे. धंद्यात पुन्हा न गुंतवलेला नफा आता लाभांश म्हणून त्या संस्थेला मिळतो.