दोन नारिंगी करवती आणि एक वही



“अमेरिकेतल्या आयुष्यावर दहा मिनिटं बोल, पण सॉफ्टवेअर नको,” अशी संयोजकांची अट होती. म्हणून मी आज करवती आणि काडतुसं या विषयावर बोलणार आहे. हसा, पण ऐका.

मी ओरेगन राज्यात राहते, पोर्टलंड शहरापासून तासाभराच्या अंतरावर. घराभोवती डग्लस फरची उंच झाडं आहेत. तिथे गॅरेजमध्ये चेनसॉ, म्हणजे पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत असणं, हे आपल्याकडे घरात विळी असण्याइतकं साधं आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये आमच्याकडे गोठणारा पाऊस पडला. फांद्यांवर बर्फाचा थर चढला, झाडं मोडून पडली, लाखो लोकांची वीज गेली. आमचा रस्ता मोकळा केला तो शेजाऱ्यांनीच, आपापल्या करवती आणून. आणि ते चालू असतानाही त्यांचा नेहमीचा वाद थांबला नव्हता: करवत श्टीलची चांगली की हुस्क्वार्नाची?

गंमत म्हणजे दोन्ही करवती नारिंगीच. श्टील जर्मन. आंद्रेयास श्टील यांनी १९२६ मध्ये स्टुटगार्टमध्ये कंपनी काढली. त्यांची पहिली करवत विजेवर चालायची, वजन ६४ किलो, उचलायला दोन माणसं लागायची. हुस्क्वार्ना स्वीडनची. तिची सुरुवात १६८९ मध्ये राजाच्या सैन्यासाठी बंदुका बनवणारा कारखाना म्हणून झाली. पुढे शिलाई मशीन आली, मोटारसायकली आल्या आणि १९५९ मध्ये पहिली चेनसॉ आली. एक पक्ष म्हणतो, श्टीलचा दुकानदार दुरुस्तीही करून देतो. दुसरा म्हणतो, हुस्क्वार्ना हातात हलकी वाटते, थरथर कमी होते. दोघांकडेही आपापल्या बाजूचे दहा किस्से तयार असतात.

लाकूड मात्र नारिंगी रंग कापत नाही, साखळी कापते. आणि त्या साखळीचा शोध आमच्या ओरेगनमधलाच. जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने १९४६ मध्ये ओंडका पोखरणारी एक अळी पाहिली. ती रेषांच्या दिशेने आणि आडवीही, तितक्याच सहज लाकूड खात होती. तिच्या जबड्याचा आकार पाहून त्याने एक डावा, एक उजवा अशा वळलेल्या दातांची साखळी बनवली आणि १९४७ मध्ये पोर्टलंडच्या आपल्या घराच्या तळघरात धंदा सुरू केला. आजच्या बहुतेक साखळ्यांची मूळ कल्पना तीच आहे, मग यंत्र कुठल्याही कंपनीचं असो.

साखळीला धार असेल तर करवतीतून लाकडाचे कपचे उडतात. पिठासारखा भुसा पडायला लागला की समजायचं, कानस काढायची वेळ झाली. बोथट करवतीला माणूस जोर लावून दाबतो, दमतो, आणि तिथूनच धोका सुरू होतो. पात्याच्या टोकाचा वरचा भाग कशाला टेकला, तर करवत क्षणात उसळून चालवणाऱ्याच्या अंगावर येते. म्हणून पुढच्या ढालीला जोडलेला ब्रेक असतो, आणि म्हणून मांड्यांवर जाड कवच बांधतात. साखळी लागली तर कवचातले लांब तंतू दात्यांत गुंतून तिला थांबवतात.

त्या आठवड्यात आमच्या रस्त्यावर एकाच्या मांडीला साखळी लागली. टाके पडले, पण पाय वाचला. त्याच्या हातात कुठल्या कंपनीची करवत होती, ते आज पाच वर्षांनीही सगळ्यांना आठवतं. त्याने कवच बांधलं नव्हतं, हे मात्र आठवण करून द्यावं लागतं.

आता दुसरी गोष्ट. आमचे शेजारी, वय ७१, आयुष्यभर जंगलात लाकूडतोड केलेले, कट्टर हुस्क्वार्नावाले. त्यांचा दुसरा छंद म्हणजे शिकारीच्या रायफलीची काडतुसं घरी भरणं. अमेरिकेत अनेक हौशी लोक हे करतात. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी पुन्हा आकारात आणायची, तळाशी नवा प्राइमर बसवायचा, दारू मोजून भरायची आणि वर गोळी बसवायची. दारू म्हणजे बंदुकीची. मागच्या बाकांवर उगाच कुजबुज नको. मोजमाप ग्रेनमध्ये. एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम, सोनाराच्या गुंजेच्या जवळपास निम्मा. दारू जास्त झाली तर बंदूक हातात फुटू शकते.

बंदुकांबद्दल त्यांची आणि माझी मतं जुळत नाहीत. माझी मुलं तिथल्या शाळेत बंदूकधारी आला तर कुठे लपायचं याचा सराव करतात, त्यामुळे तो विषय मला हलका वाटत नाही. त्यांच्या बंदुका कुलूपबंद तिजोरीत असतात हे पाहिल्यावरच मी त्यांच्या शेडमध्ये पाऊल टाकलं. पण तिथे जे पाहिलं ते कौतुकाचं होतं. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा. रेडिओ बंद, फोन बाहेर. भरलेल्या पुंगळ्या ओळीने उभ्या, आणि गोळी बसवण्याआधी प्रत्येकीत बॅटरी मारून पातळी तपासायची. माप छापील पुस्तकातलं, सुरुवात खालच्या मापापासून, एका वेळी एकच बदल. आणि शेजारी वही: तारीख, माप, हवा, निकाल.

अर्थात रंगाचं वेड तिथेही आहेच. भरण्याचं यंत्र आरसीबीएसचं हिरवं, डिलनचं निळं की लीचं लाल, यावरही हे लोक भांडतात. पण दारूच्या मापावर कोणी निष्ठेने बोलत नाही. तिथे वही बोलते.

वहीसुद्धा फसवू शकते. एकदा त्यांनी निशाणाचे दोन कागद दाखवले. दोन मापं, प्रत्येकी तीन गोळ्या. एका कागदावर भोकं जवळजवळ, दुसऱ्यावर पसरलेली. “सापडलं माप!” म्हणाले. मी म्हटलं, नाणं तीनदा उडवून तिन्ही वेळा छापा आला म्हणून नाणं खोटं ठरत नाही. सरासरी आठात एकदा तसं होतंच. दोन्ही मापांच्या दहा-दहा गोळ्या झाडा, आलटून पालटून. ते कुरकुरले. दोन शनिवार गेले. शेवटी वहीत नोंद झाली: फरक नाही. तिसऱ्या शनिवारी त्यांनी स्वतःच मला कॉफीला बोलावलं.

मग मी विचारलं, “करवतींचीही अशीच वही का नाही ठेवत? एकच ओंडका, दोन्ही साखळ्यांना ताजी धार, हातात घड्याळ.” ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “माझ्या वडिलांकडे हुस्क्वार्ना होती.”

त्या उत्तरानंतर मी तो विषय काढला नाही. ते करवतीबद्दल बोलतच नव्हते, वडिलांबद्दल बोलत होते. अशा निष्ठेला पुरावा मागू नये. माझ्या व्यवसायातही कोणती संगणकभाषा श्रेष्ठ यावर भांडणारे बहुतेक जण मनातून आपल्या पहिल्या गुरूची बाजू घेत असतात. घोटाळा होतो तो ही निष्ठा पुराव्याच्या जागी बसवली की. मग मांडीला टाके पडतात आणि आपण करवतीच्या कंपनीवर चर्चा करत बसतो.

ही जागा ओळखायला आपण याच इमारतीत शिकलो. प्रयोगवहीत साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान असा क्रम असायचा. निरीक्षणाची जागा कोरी ठेवून कोणी अनुमान आधीच लिहिलं, तर बाई पान फाडायच्या. तेव्हा राग यायचा. आज त्या पुढच्या रांगेत बसल्या आहेत, म्हणून सांगते: बाई, ओरेगनच्या एका शेडमध्ये मला तुमची वही पुन्हा भेटली.

आपल्यापैकी ज्यांच्या आंब्याच्या बागा आहेत, त्यांच्याकडेही आता चेनसॉ आली आहे. कंपनी तुमच्या आवडीची घ्या. फक्त गड्याच्या हातात ती देण्याआधी साखळीला कानस फिरली आहे का, ब्रेक चालतो का, आणि त्याच्या मांडीवर कवच आहे का, एवढं पाहा. कवच करवतीबरोबरच विकत घ्या, नंतर घेऊ म्हणू नका.