भराव आणि रूळ
(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला, रुळांच्या कडेने पायी फिरणारा इंजिनिअर आहे. तरी आज आरोग्यावर बोलायला उभा आहे, त्याला कारण आहे. रेल्वेत ठराविक मुदतीने आपली वैद्यकीय तपासणी होते. तिथून "शुगर निघाली" असे सांगत परतणारे सहकारी मी दरवर्षी पाहतो. त्यांत चाळिशीही न गाठलेले, अंगाने अगदी सडपातळ असे कितीतरी असतात. "साहेब, पोट नाही, वजन नाही, मग मलाच कशी?" हा त्यांचा प्रश्न. गाडी चालवणाऱ्या माणसाच्या बाबतीत तो नोकरीचाही प्रश्न असतो.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी नेमका हाच प्रश्न आयुष्यभर धरून ठेवला. ऑक्सफर्डला काम करून ते पुण्यात परतले, तेव्हा त्यांच्या लक्षात आले की आपले मधुमेही पाश्चात्त्य पुस्तकांतल्या वर्णनात बसत नाहीत. ते वयाने लहान आणि अंगाने बारीक. मग उत्तर शोधायला ते दवाखान्याबाहेर पडले. १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत त्यांच्या चमूने गरोदर स्त्रियांच्या आहाराची, कष्टांची आणि पुढे जन्मलेल्या बाळांची नोंद सुरू केली.

त्यातून जे दिसले ते थक्क करणारे होते. या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे हडकुळी, स्नायू कमी; पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसायला बारीक, आतून चरबी राखून असलेले! २००४ साली डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधील सहकारी डॉ. युडकिन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण छापले. उंची-वजनाचे गुणोत्तर दोघांचेही २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाटा सगळे सांगत नाही, हे याहून सोपे करून कोण सांगणार?

आणखी दोन गोष्टी त्या खेड्यांनी शिकवल्या. पालेभाजी, फळे, दूध ज्या आयांच्या पोटात जात होते त्यांची बाळे अधिक भरलेली होती. शेतात आणि घरात अतिश्रम करणाऱ्या आयांची बाळे लहान होती. बऱ्याच स्त्रियांमध्ये ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरताही आढळली. हा दोष आईचा नव्हे, तर तिच्या ताटात शेवटी उरेल ते वाढणाऱ्या आपल्या घरांचा आहे. ती मुले अठरा वर्षांची झाली तेव्हा, बारीक असूनही, दर तीन मुलग्यांमागे किमान एकाची उपाशीपोटीची साखर वाढलेली होती. २०१२ पासून याच मुला-मुलींना ब-१२ देऊन पुढच्या पिढीवर काय परिणाम होतो, हेही तपासले गेले. एक माणूस एका प्रश्नामागे किती वर्षे चालू शकतो, पाहा.

आम्हा रूळवाल्यांना हे पटकन समजते. रूळ चकचकीत असले तरी खालची खडी आणि भराव कच्चा असेल तर गाडी हिसके खाणारच. भराव आधी घातला जातो आणि नंतर दिसत नाही. मुलांचे तसेच आहे.

पण भराव कच्चा निघाला म्हणून आम्ही लाइन सोडून देत नाही, देखभाल वाढवतो. मुलांची देखभाल म्हणजे खेळ. स्नायू काम करतात तेव्हा रक्तातली साखर ओढून घेतात. ज्याचे स्नायू मुळातच कमी, त्याला तर धावण्याची गरज जास्त. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटे दमवणारी हालचाल सांगते. २०१६ सालच्या आकडेवारीनुसार जगातल्या ११ ते १७ वयाच्या दर पाच मुलांपैकी चार तेवढी करत नव्हती. आपल्या सिविल लाइंसमध्ये वेगळे काय आहे? शाळा, मग कोचिंग, मग मोबाईल. "आमचा बंटू बारीकच आहे, त्याला काय व्यायाम?" असे म्हणणाऱ्या वहिनींनी तर याज्ञिकांचे काम जरूर लक्षात ठेवावे.

म्हणून मंडळाला माझी तीन मागण्यांची विनंती आहे. पहिली, मंडप उतरल्यावर खड्डे त्याच आठवड्यात बुजवावेत आणि संध्याकाळी मैदानावर गाड्या उभ्या करू नयेत. दुसरी, लेझीम केवळ विसर्जनापुरते न ठेवता वर्षभर दर रविवारी शिकवावे, आणि त्यात मुलींची संख्या मुलांच्या बरोबरीने असावी. तिसरी प्रत्येक घराला : वयात येणाऱ्या मुलीचे दूध, दही, पालेभाजी भावाच्या आधी नाही तरी भावाइतकीच वाढा. उद्याचा भराव तिच्याकडे आहे.

बाप्पाला आपण बुद्धीची देवता म्हणतो. ती बुद्धी आपण मुलांच्या मैदानासाठी वापरू या.

गणपती बाप्पा मोरया!