दारू पिऊन वाहन चालविण्याचा गुन्हा आणि त्याचे कायदेशीर परिणाम

(ब्राह्मणपुरी, ता. शहादा, जि. नंदुरबार येथे ग्रामस्थांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



शहादा तालुक्यात ऊस, केळी, पपई आणि कापूस ही महत्त्वाची पिके. शेतमाल हलवायचा म्हणजे ट्रॅक्टर, टेम्पो हवेतच. घरोघरी मोटारसायकलही आली आहे. वाहन हे आज अनेक कुटुंबांच्या पोटापाण्याचे साधन आहे. परंतु त्याबरोबर एक घातक समजही पसरला आहे. थोडी दारू घेऊन गाडी चालविली आणि पोलिसांनी अडविले, तर पावती फाडून सुटता येते, असा तो समज. तो साफ चुकीचा आहे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ अन्वये १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळल्यास वाहनचालक अपराधी ठरतो. ट्रॅक्टर आणि मोटारसायकल यांनाही हाच नियम लागू आहे. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी पहिल्या अपराधास दंडाची मर्यादा २,००० रुपये होती. आता पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा तोच अपराध घडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हा अपराध जागेवर तडजोडीने मिटविता येत नाही. न्यायालयाची पायरी चढावीच लागते.

श्वासाची चाचणी देण्यास नकार दिल्याने सुटका होत नाही. सबळ कारणाशिवाय दिलेला नकार खटल्यात आरोपीच्या विरुद्ध पुरावा म्हणून वापरता येतो. मात्र कायद्याने आरोपीलाही संरक्षण दिले आहे. या कलमाखाली विनावॉरंट अटक झालेल्या व्यक्तीची दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरांकडून तपासणी झाली पाहिजे. तशी ती न झाल्यास तिला कोठडीतून मुक्त करावे लागते. अनुसूचित जमातीची व्यक्ती, स्त्री किंवा कोठडीत असलेली व्यक्ती यांना विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ खाली मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. पंचायतीच्या सदस्यांनी ही माहिती गरजूंपर्यंत पोहोचवावी.

दंड भरला म्हणजे प्रकरण संपले, असेही नाही. दोषी ठरलेल्या चालकास किमान सहा महिने वाहन चालविण्यास अपात्र ठरविणे न्यायालयावर बंधनकारक आहे. ज्याची रोजी ट्रॅक्टर किंवा टेम्पो चालविण्यावर अवलंबून आहे, त्याच्या घरी या सहा महिन्यांत चूल कशी पेटावी? चालक प्यालेला आहे हे ठाऊक असून त्याला गाडी घेऊन जाण्यास लावणारा मालकही सुटत नाही. अपराधास साहाय्य केल्याबद्दल कलम १८८ अन्वये त्यालाही तीच शिक्षा होऊ शकते. वाहनाच्या नुकसानीची भरपाई विमा कंपनी नाकारू शकते. श्वासाची किंवा रक्ताची चाचणी झालेली नसली, तरी इतर पुराव्यावरून चालक नशेत होता हे कंपनीस सिद्ध करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली स्पष्ट केले आहे.

अपघातात माणूस दगावला, तर परिणाम याहून गंभीर होतात. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या मजुरांच्या अंगावरून मोटार गेली. सात जण मृत्यू पावले, आठ जखमी झाले. चालकाच्या रक्तात मद्यार्क आढळला होता. सत्र न्यायालयाने हा निष्काळजीपणा मानून सहा महिन्यांची शिक्षा दिली. उच्च न्यायालयाने मात्र सदोष मनुष्यवधाचा अपराध ठरवून तीन वर्षे सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड ठोठावला. जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही शिक्षा कायम केली. इतकेच नव्हे, तर ती अपुरी असल्याचेही मत नोंदविले. पोटासाठी घरदार सोडून गेलेल्या मजुरांचे ते प्राण होते. रोजगारासाठी दूर जाणारी माणसे ज्या गावात आहेत, त्या गावाला या घटनेचे मर्म वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. आज भारतीय न्याय संहितेखाली निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्यास पाच वर्षांपर्यंत, तर सदोष मनुष्यवध सिद्ध झाल्यास परिस्थितीनुसार दहा वर्षांपर्यंत किंवा त्याहूनही अधिक कैद होऊ शकते.

दारूविरुद्ध उभे राहण्याची परंपरा या तालुक्याला नवी नाही. १९७० च्या दशकात, शहादा हा धुळे जिल्ह्याचा भाग असताना, येथील आदिवासी स्त्रियांनी दारूची मडकी फोडून आपले संसार सावरण्याचा निर्धार केला होता. त्यांच्यापाशी कायद्याची पुस्तके नव्हती. दारूने घर कसे बुडते, याचा अनुभव होता. आज कायदा स्पष्ट आहे. शिक्षकांनी तो मोठ्या वर्गांतील मुलांना समजावून द्यावा, ग्रामसभेत त्याचे वाचन व्हावे, ट्रॅक्टरच्या मालकाने चालकाच्या हाती किल्ली देण्यापूर्वी क्षणभर त्याच्या तोंडाकडे पाहावे. लग्नाच्या मांडवातून प्यालेला पाहुणा मोटारसायकलवर निघाला, तर त्याची किल्ली काढून घेणे हा त्याचा अपमान नव्हे. त्या रात्री त्याला ओसरीवर अंथरूण घालून दिले, तर सकाळी तो आपल्या मुलाबाळांत सुखरूप पोहोचेल.