वाऱ्यावर स्वार: पॉल एल्व्हस्ट्रॉम

डिंगी म्हणजे शिडाची छोटी, हलकी होडी. वारा जोरात आला की ती एका बाजूला कलते. मग खलाशी दुसऱ्या काठावर बसतो, पाय पट्ट्यात अडकवतो आणि अंग पाण्यावर झोकून तोल सावरतो. त्यात मांड्यांचा आणि पोटाचा खरा कस लागतो. डेन्मार्कच्या पॉल एल्व्हस्ट्रॉम यांनी या कसरतीसाठी घरीच बाक तयार करून सराव केला.

फळही तसेच मिळाले. १९४८, १९५२, १९५६ आणि १९६० अशा सलग चार ऑलिंपिकमध्ये त्यांनी सुवर्णपदक पटकावले. पहिले फायरफ्लाय या होड्यांच्या वर्गात, पुढची तीन फिन वर्गात. होडीत शिरलेले पाणी होडीच्याच वेगाने बाहेर खेचणारी त्यांच्या नावाची झडप आजही वापरात आहे.

१९८४ च्या ऑलिंपिकमध्ये कन्या ट्रीनेसह टॉर्नेडो वर्गात ते चौथे आले. १९८८ मध्ये, साठाव्या वर्षी, बापलेक पुन्हा ऑलिंपिकमध्ये उतरले. ही पॉल यांची आठवी ऑलिंपिक स्पर्धा.

वारा कुणाच्याच हातात नसतो, तयारी मात्र प्रत्येकाच्या हातात असते. शिडाच्या होडीकडे वळणाऱ्या आपल्या मुलामुलींनी ही कारकीर्द जरूर अभ्यासावी.